जुन्या पिकअपला नियमात जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘मॉडिफाइड वाहनांवर कारवाईचा बडगा’ ही आपल्या अंकातली बातमी वाचली. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरच्या मोटारसायकली पकडल्या, त्याचा आनंदच आहे. माझ्या गल्लीतल्या दोघांना तरी त्यामुळे रात्री झोप लागेल. पण त्याच बातमीत, त्याच फोटोत, स्वच्छ रंगवलेला एक जुना पिकअपही उभा आहे आणि खाली एकच ओळ आहे, ‘बेकायदा बदल केलेली वाहने’. त्या पिकअपमध्ये नेमका कोणता बदल केला होता, हे बातमीत कुठंच नाही. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा शिल्पनिदेशक, म्हणजे शिकवणारा मास्तर होतो. वाहनात काय बदललं हे न सांगता ते बेकायदा म्हणणं माझ्या पचनी पडत नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझा या प्रकरणात काय संबंध ते सांगतो. माझ्या मेव्हण्यांची टाटा मोबाइल २०६ नावाची पिकअप आहे. ही गाडी १९८८ साली बाजारात आली तेव्हा टाटा मोटर्सचं नाव अजून टेल्को होतं आणि ती पुण्यात बनायची. मेव्हण्यांची गाडी १९९३ची. कऱ्हाडला तेव्हा एमएच ५० नव्हतं, म्हणून पाटीवर साताऱ्याचं एमएच ११ आहे. आल्याचं बियाणं, खताच्या गोण्या, उसाची रोपं, लग्नातली भांडी, सगळं तिनं वाहिलं आणि शेवटी ती गोठ्याच्या कडेला उभी राहिली. भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला. भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही असताना ही कापायची?” मग गोठ्याची अर्धी बाजू रिकामी करून आम्ही कामाला लागलो.

अशा गाडीचं काम घरी करायचं म्हणजे रंग मारायचा, असं लोकांना वाटतं. रंग सर्वात शेवटी. खरं काम पतऱ्याचं असतं. खतानं लोखंड फार लवकर खाल्लं जातं. हौद्यातली, म्हणजे मागं माल भरायच्या जागेतली रबरी चटई उचलली तर खाली पतरा नव्हताच, गंजाचा पापड होता. काचेच्या जुन्या रबरातून पाणी आत झिरपून ड्रायव्हरच्या पायाखालची जमीनही सडलेली. आपल्याकडे अशा ठिकाणी वरून पट्टी रिव्हेट करतात, लांबी (पुट्टी) भरतात, घासून रंग देतात. दोन पावसाळे जातात, मग लांबीच्या मागून गंज पुन्हा फुगून वर येतो. सडलेला भाग चांगल्या पतऱ्यापर्यंत कापायचा, त्याच जाडीचा तुकडा घडवायचा आणि तो सीओटू वेल्डिंगनं थोडा थोडा टाचत बसवायचा, हाच खरा उपाय. साध्या आर्क वेल्डिंगनं एवढा पातळ पतरा जळून भोकं पडतात. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी काढायच्या, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवायची. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, टाकी तर रिकामीच आहे. रिकाम्या टाकीतच वाफ असते, भरलेल्या टाकीपेक्षा तीच वाईट.

घरी काम करणाऱ्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट इथेच लिहून टाकतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालायचं. ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवायची सवय सगळ्या गॅरेजांत आहे. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. पाणी मारा, ओल्या फडक्यानं पुसा. आणि गाडीखाली जायचं तर जॅकच्या भरवशावर कधीच नाही. खाली स्टँड किंवा लाकडी ठोकळे हवेतच.

इंजिन १९४८ सीसीचं. टेल्कोनं त्याला ४८३ म्हटलं, म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). नाव वाचून निम्मी माहिती कळते, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. इनडायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणारं हे इंजिन थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय उठत नाही. लोक बॅटरीला शिव्या देतात आणि प्लग बघतच नाहीत. आम्ही इंजिनाचं हेड फेसिंगला, म्हणजे सपाट करायला दिलं, वॉल्व्ह पेस्ट लावून घासले, डिझेल फवारणारे नोझल पंपवाल्याकडं टेस्ट करून घेतले. नोझलचा फवारा नीट झाला आणि गाडीचा काळा धूर गेला. पीयूसीत असल्या जुन्या डिझेल गाडीला ६५ एचएसयूपर्यंत (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) धूर चालतो. आमचा आकडा त्याच्या बराच खाली आला. काळा धूर वयामुळे येतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा नोझल काढून बघावेत.

आता बदलांविषयी. बातमीचा विषय तोच होता.

आम्ही दोन्ही सीटना तीन जागी अडकणारे पट्टे बसवले. मूळ गाडीत तसे नव्हते. खांबाचा पतरा एकटा तो ओढा सहन करणार नाही, म्हणून आतून जाड प्लेट दिली. हेडलाइटला रिले, म्हणजे दिव्याला बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच लावला. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो आणि वाटेतच निम्मा जीव सोडतो. जास्त वॅटचे बल्ब घालून समोरच्याचे डोळे दिपवण्यापेक्षा रिले आणि चांगलं अर्थिंग दिलं तर मूळचेच बल्ब लख्ख पेटतात. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरकडं जाणारी नळी आणि अल्टरनेटरमागचा व्हॅक्यूम पंप नवा केला. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही. हा पंप थकला की ब्रेक दगडासारखा कडक होतो, आणि मालक म्हणतो, लायनर बदला. भाच्याला यापुढं जायचं होतं. सुमोचं इंजिन टाकू, रुंद टायर घालू, समोर लोखंडी बंपर लावू. मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ दाखवायचा. त्याला मी कायदा वाचून दाखवला.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मुळात दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच अर्थानं निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं आणि अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठरलं. पण त्याच कलम ५२ खाली ‘बदल’ कशाला म्हणायचं याचं स्पष्टीकरण आहे, ते कुणी वाचत नाही. वाहनाच्या रचनेत केलेला, ज्यानं त्याचं मूळ वैशिष्ट्य पालटतं असा फेरफार म्हणजे बदल. सुमोचं इंजिन त्यात बसतं. सडलेला पतरा कापून तसाच नवा घालणं बसत नाही. आणि सीटचा पट्टा? मी म्हणतो बसत नाही. तपासणीच्या मैदानावरचा एखादा निरीक्षक म्हणतो बसतो, दुसरा मान हलवून पुढची गाडी बघतो. लेखी कुणीच देत नाही. लोखंडी बंपरांवर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं, त्यामुळे तो वाद तरी भाच्याशी एका वाक्यात संपला.

गंमत म्हणजे रस्त्यावर सर्वात धोकादायक असलेला बदल फोटोत दिसतच नाही. पिकअपच्या मागच्या कमानीत, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक-दोन पाटे वाढवणं. बाजारपेठेच्या गावात दहातल्या किती पिकअपचे पाटे वाढवलेले आहेत, हे कुठल्याही पाटेवाल्याला विचारा, तो हसेल. पाटा वाढवला की मागची बाजू बसत नाही, म्हणून मालकाला वाटतं गाडीची ताकद वाढली. ॲक्सल तोच, ब्रेक तेच, आरसीतलं एकूण वजन तेच. त्यातून बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा एक वॉल्व्ह असतो. गाडी मागं किती दबली यावरून तो वजन ओळखतो. पाटे वाढवले की गाडी दबत नाही. वॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि तो मागच्या चाकांना कमी ब्रेक देतो. म्हणजे वजन दुप्पट आणि ब्रेक रिकाम्या गाडीचा. खंबाटकीच्या उतारावर याचा अर्थ काय होतो ते सांगायला मास्तर नको. या बदलाला रंग नाही, आवाज नाही, त्यामुळे बातमीही नाही. आम्ही मेव्हण्यांच्या गाडीतले पूर्वी कधीतरी वाढवलेले पाटे काढून टाकले. चालवायला ती आता बरीच मऊ झाली आहे आणि मेव्हणे कुरकुरतात.

एवढं करून गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला न्यायची तर खरी अडचण तिथं सुरू होते. पिकअप म्हणजे मालवाहन, पिवळी पाटी. आठ वर्षं उलटली की दरवर्षी पासिंग, शिवाय पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी कैक पटींनी वाढली. धंद्यावर धावणाऱ्या गाडीला हे लावलं तर माझी तक्रार नाही. ही गाडी आता भाड्यानं जात नाही. मळ्यातून घरी आणि सणाला गावात, एवढंच. पण ती खासगी करून द्या म्हटलं तर मालवाहनाच्या व्याख्येत अडकते, कारण तिची बांधणीच माल वाहण्यासाठीची. दुसऱ्या बाजूला इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घ्या. लाखो रुपयांच्या या गाड्यांनाही मागं हौदा आहेच, पण पुढं चार दरवाजे आणि मागची सीट आहे म्हणून पांढरी पाटी मिळते. दोन दरवाज्यांच्या गरिबाच्या पिकअपला मिळत नाही.

मग म्हटलं, जुन्या गाड्यांचा वेगळा नियम आहे ना? आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. नोंदणी फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरणाला पाच हजार, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण त्यात फक्त दुचाकी आणि एम१ वर्ग, म्हणजे प्रवासी मोटारी. पिकअप एन१ वर्गात, म्हणजे हलक्या मालवाहनांत येतो. वयाची अट पन्नास वर्षांची, म्हणजे आमची गाडी २०४३ साली पात्र होईल आणि तेव्हाही वर्गातच बसणार नाही. महाराजांची मोटार वारसा, पाटलांचा पिकअप भंगार. ज्या गाड्यांनी या भागातलं आलं, द्राक्षं आणि दूध बाजारात नेलं, त्यांची एक तरी चालती प्रत कुणाकडं राहावी असं नियम करणाऱ्यांना वाटलं नाही.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच घालावी लागते, असा एक समज आपल्या बातम्यांनीच पसरवला आहे, तोही दुरुस्त व्हावा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांना तो नियम लागू झाला. दिल्लीचे आदेश दिल्ली परिसरापुरते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची गाडी तपासणीत पास होत असेल तर निव्वळ वयावरून ती कापायला कुणी लावू शकत नाही.

पुण्यात दिवे इथं पासिंगसाठी २५० मीटरचा ब्रेक चाचणीचा ट्रॅक आहे. उच्च न्यायालयानं बोट ठेवलं तेव्हा कुठे असे ट्रॅक झाले. माझं म्हणणं एवढंच की जुन्या गाडीला अशाच ट्रॅकवर पळवा, खड्ड्यात उभी करून चॅसी आणि पाटे बघा, धूर मोजा, आणि त्यावर निकाल द्या. रंग आणि वय बघून नको. एन१ वर्गातल्या तीस वर्षांवरच्या, भाड्यानं न धावणाऱ्या गाड्यांना वेगळी नोंदणी द्या, हवं तर वर्षाला किती किलोमीटर चालवायच्या याची मर्यादा घाला. आणि सीटबेल्ट, रिले, रिव्हर्सचा दिवा अशा सुरक्षेच्या कामांची एक यादी पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडून करून घेऊन प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर लावा, म्हणजे मालकाला आणि निरीक्षकाला एकच कागद बघता येईल.

घरी काम काढलेल्यांनी तपासणीच्या आधीच एक काळजी घ्यावी. चॅसी घासताना किंवा सँडब्लास्टिंगला देताना नंबरवर जाड टेप लावा. पासिंगला पेन्सिलीनं चॅसी प्रिंट घेतात. अक्षरं पुसट झाली तर गाडी कितीही सुंदर असली तरी चोरीची ठरते आणि मग वर्षभर कागद फिरतात. रंग बदलायचा असेल तर आरसीत नोंद करून घ्या. आम्ही मूळचाच पांढरा ठेवला, भाच्याला काळा हवा होता.

परिवहनाच्या नियमांचा मसुदा राजपत्रात निघतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी साधारण तीस दिवस मिळतात. व्हिंटेज नियमांचा मसुदा निघाला तेव्हा आमच्यासारख्यांना त्याचा पत्ताच नव्हता. पुढचा निघेल तेव्हा आपल्या वृत्तपत्रानं तो पहिल्या दिवशी छापावा. माझं पत्र लिहून तयार आहे, फक्त वरचा मसुदा क्रमांक भरायचा राहिला आहे.

आपला,
एक वाचक
सेवानिवृत्त शिल्पनिदेशक (डिझेल मेकॅनिक), कऱ्हाड