माणसांवर मतदान नको यार

प्रिय दोस्ता,

काल कॉलवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं, साडेअकरा वाजून गेलेले आणि तिकडे युरोपवाले जेवायला उठले, म्हणून आता निवांत लिहितोय. तुझं म्हणणं असं की आपल्या या ऑनलाइन ग्रुपला ऑफिस नाही, बॉस नाही, मग नवीन माणूस घ्यायचा तर सगळ्यांनी मत द्यायला हवं, मी म्हणतो तशी निवडीसाठी सात जणांची कमिटी आली की मागच्या दाराने परत एचआर आलंच. ही भीती मलाही आहे रे. तरी मी म्हणतो सगळ्यांनी नियमांवर मत द्यावं, माणसांवर नको.

मागचीच भरती घे ना, डॉक्युमेंटेशनची. शेवटच्या दोघांत एक आपल्या नाशिकचा होता, सातपूरला कारखान्यात मेंटेनन्सला, मशीनची मॅन्युअलं लिहून लिहून हात बसलेला. त्याचं सॅम्पल तू वाचलंस, नवख्या माणसालाही वॉलेट, म्हणजे डिजिटल पाकीट, सेट करता येईल इतकं सरळ लिहिलेलं. आणि निवडून आला कोण, तर ज्याला सगळे डिस्कॉर्डवर, आपल्या चॅटवर, कधीपासून ओळखतात तो! बऱ्याच जणांनी सॅम्पल उघडलंच नव्हतं, त्यांनीच नंतर सांगितलं, आणि वर टोकनप्रमाणे मताचं वजन, ज्याच्या वॉलेटमध्ये ग्रुपची डिजिटल नाणी जास्त त्याचं मत जड, म्हणजे चार-पाच मोठ्या वॉलेट्सनी बटण दाबलं की विषय संपला. कॉलेज रोडला चहा प्यायला भेटलो तर तो विचारत होता, काय कमी पडलं माझं? काय सांगणार त्याला? मत सगळ्यांनी दिलेलं, त्यामुळे कारण सांगायची जबाबदारी कुणाचीच नाही. हे मला फार लागलंय.

मोफत, खुलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाचे फाउंडेशनचं बघ, 1999 पासून चाललंय, त्यांचा जवळजवळ सगळा कारभार उघड्या मेलिंग लिस्टवर. पण नवीन कमिटर, म्हणजे थेट कोड बदलायचा हक्क असलेला माणूस, घ्यायचा की नाही ही चर्चा मात्र ते खासगी लिस्टवर करतात, म्हणजे लोक मोकळेपणाने बोलतात आणि नकार आला तरी त्या माणसाची चारचौघात शोभा होत नाही. डेबियन या तशाच खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाने तर 1999 मध्ये नवे मेंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर सांभाळणारे, घेणंच थांबवलं होतं आणि 2000 मध्ये रीतसर प्रक्रिया ठरवून दार परत उघडलं: ओळख पटवा, आधीच्या कुणीतरी शिफारस करा, मग एक जण अर्जदाराची समज आणि काम दोन्ही तपासणार. दोन्हीकडे पगारी नोकरी नाही हे मान्य, पण विकेंद्रित म्हणजे सगळं सगळ्यांनी ठरवायचं असं त्यांनीही धरलेलं नाही.

आणि तू म्हणतोस गप्पा मारल्या की माणूस कळतो, ते तर अजिबात पटत नाही. 2022 मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींवरचे जुने अभ्यास परत तपासले, त्यात सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत आणि पुढची कामगिरी यांचा संबंध 0.42 निघाला (1 म्हणजे तंतोतंत जुळणं, 0 म्हणजे काहीच संबंध नाही), मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा फक्त 0.19. कामाच्या नमुन्याचा 0.33. यातलं एकही परफेक्ट नाही, पण आपण आज जे करतोय ती तर मुलाखतसुद्धा नाही, नुसती ओळखपाळख आहे.

मी प्रपोजलमध्ये टाकतोय ते असं की कमिटी चिठ्ठ्या टाकून निवडायची, दर तीन महिन्यांनी बदलायची, त्यात निदान दोघं तरी आपल्या आशियाच्या वेळेतले हवेत, नाहीतर मुलाखत कायम आपल्या मध्यरात्रीच. निकष अर्ज मागवायच्या आधीच लिहून सगळ्यांच्या मताने मंजूर करायचे. आणि निवडीआधी करून घ्यायच्या ट्रायलच्या कामाचे पैसे द्यायचे, हे मी सोडणार नाही, कारण जो आठ तासांची शिफ्ट करून घरी येतो तो आठवडाभर फुकट कुठून काम करेल? फुकट ट्रायल म्हणजे ज्यांच्या घरी आधीच पैसा आहे त्यांनाच बोलावणं झालं. ज्याला नकार दिला त्याला चार ओळीत कारण, तेही कमिटीच्या सह्यांनी.

कमिटी आपलीच माणसं भरेल असं तुला वाटतं ना, मग सगळ्या सभासदांना निर्णय अडवायचा हक्क ठेवू, पण लेखी कारण देऊन, आणि तिथे एक माणूस एक मत, टोकनचं वजन नाही. यावर मात्र मला अजून नीट सुचत नाहीये, एकाच माणसाने पाच वॉलेट काढली तर ओळखायचं कसं? हा भाग तू लिही, तुझं डोकं यात माझ्यापेक्षा चांगलं चालतं.

शुक्रवारी मसुदा टाकायचाय. त्याआधी वाच आणि जिथे पटत नाही तिथे सरळ कापाकापी कर. आणि या महिन्यात नाशिकला येतोयस का ते कळव, त्या पोराशी तुझी गाठ घालून द्यायचीय.

तुझाच,
नाशिककर