बाबांच्या कॅप्सूलबद्दल

देवगड

चि. बाबूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. शर्ट बाबांना आवडला, लगेच घालून शेजारी दाखवून पण आले. ती उन्हापासून वाचवणाऱ्या कॅप्सूलची बाटली मात्र मी फ्रिजवर ठेवलीय, सील पण तोडलं नाहीये. रागावू नको, आधी वाच.

तू म्हणालास प्लांट बेस्ड आहे, साइड इफेक्ट नाही, बाबा सनस्क्रीन चोपडायला तयार नाहीत तर निदान गोळी तरी घेतील. पण इतकी वर्षं शाळेत सायन्स शिकवलंय रे मी, लेबल वाचल्याशिवाय राहवत नाही. बाटली खिडकीशी धरून वाचलं, अक्षरं मुंगीएवढी. नेच्याचा (फर्नचा) अर्क, टोमॅटोतलं लायकोपिन, ग्रीन टी, आणि सगळ्यात खाली बीटा कॅरोटिन, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य, २० मिलिग्रॅम. तिथेच अडले. बाबांची बिडी सुटलेली नाही. तुला फोनवर सांगतात सोडली म्हणून, पण पंपाच्या खोपीमागे जाऊन ओढतात आणि बडीशेप चघळत घरात येतात, मला काय वास येत नाही? फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर एक अभ्यास झाला, १९९४ मध्ये निकाल आला. ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन दिलं त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर बाकीच्यांपेक्षा १८ टक्के जास्त निघाला. आणि दिलं होतं कॅन्सर कमी होईल म्हणून! अमेरिकेत तसाच दुसरा अभ्यास १९९६ मध्ये अर्ध्यावर थांबवला. आंबा, गाजर यातून जातं त्याचं काही नाही, भानगड गोळीतल्या डोसाची.

बाकीचं सगळं थोतांड आहे असं नाही म्हणत हं. तो नेचा मध्य अमेरिकेतला, पॉलिपोडियम ल्युकोटोमोस, त्याचा अर्क घेतल्यावर उन्हाने कातडी थोडी कमी लाल होते असं छोट्या चाचण्यांत दिसलंय. जर्मनीत रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलातून खाणाऱ्यांची लाली १० आठवड्यांनी साधारण ४० टक्क्यांनी कमी झाली. पण बघ, १० आठवडे! आज गोळी गिळून उद्या बागेत उघडं फिरायला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी एफडीएने अशा गोळ्या विकणाऱ्यांना तंबीच दिली, सनस्क्रीनची जागा घेईल अशी कुठलीच गोळी नाही म्हणून.

आणि झाडाचं म्हणजे निरुपद्रवी, हे तर तू मला सांगूच नको. गेल्या मे महिन्यात हळदीच्या दिवशी मांडवाबाहेर उन्हात बसून मी शंभरेक लिंबं पिळली, आठवतंय ना? दोन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत, रस जसा ओघळला होता तशा लालभडक रेघा उठल्या, मग त्या काळ्या पडल्या आणि गणपतीपर्यंत गेल्या नाहीत. लिंबाच्या रसात, अंजिराच्या चिकात असं काहीतरी असतं की वर ऊन पडलं की कातडी भाजते. बावची या औषधी झाडाचं पण तेच. लिंबू काय फॅक्टरीत बनतं?

सध्या आंबे उतरवायचं काम जोरात आहे. बाबा सकाळी सातला आंबे काढायची घळ घेऊन बाहेर पडतात आणि अकराला परत ये म्हटलं तर दीड वाजवतात. मानेवर, कानांच्या पाळ्यांवर काळे डाग आलेत, त्यातला डाव्या कानावरचा एक खरखरीत आहे, तो शनिवारी कणकवलीला डॉक्टरांना दाखवणार आहे मी, गोळ्यांपेक्षा ते आधी.

तू एवढंच कर, बाटली परत घेतात का बघ, सील तसंच आहे. त्या पैशात कान आणि मान झाकणारी कापडी टोपी मिळाली तर पाठव, गडद रंगाची, पांढरी दिली तर चिकाने दोन दिवसांत वाट लागेल. डोक्याचा घेर मोजून कळवते, आत्ता झोपलेत.

तुझी आई