ऑक्टोबर चुकला की वजावट गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दूध संस्थेला इन्कम टॅक्स नसतो,’ हे वाक्य करवीर, कागल, राधानगरीत सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. सभासदांचे दूध जिल्हा संघाला घालणाऱ्या प्राथमिक संस्थेला त्या व्यवसायाचा सगळा नफा कलम ८०-पीखाली वजा मिळतो, पण ही वजावट रिटर्न भरून मागावी लागते, आणि तीही मुदतीत. कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) २०१८-१९ पासून कलम ८०-एसीने ही अट सहकारी संस्थांनाही लावली. (कलमे १९६१च्या आयकर कायद्यातली दिली आहेत, सध्याच्या नोटिसा त्या कायद्याच्या काळातल्या वर्षांच्या आहेत.) सहकार कायद्याने ऑडिट सक्तीचे असल्याने संस्थांची मुदत एरवी ३१ ऑक्टोबर. एक दिवस चुकला तरी वजावट शून्य.

शून्याची किंमत बघा. व्यक्तीला असते तशी करमुक्त मर्यादा सहकारी संस्थेला नाही. पहिल्या १० हजारांवर १० टक्के, पुढच्या १० हजारांवर २० टक्के आणि त्यावर सरसकट ३० टक्के. ४ लाख नफ्याच्या गावच्या संस्थेला १ लाख १७ हजार कर आणि ४ टक्के उपकर, म्हणजे १ लाख २१ हजार ६८० रुपये. विलंब शुल्क आणि महिना १ टक्का दराने व्याज वेगळे. हिशेबातली चूक काहीच नाही, फक्त तारखेची!

उशीर होतो कुठे? मार्चअखेर होते, ऑडिट जुलैअखेर व्हावे असा नियम असतो, प्रत्यक्षात ते वार्षिक सभेच्या तोंडावर उरकते. सप्टेंबरात सभा, मग दसरा, दिवाळीला दूध उत्पादकांना वाटायचा दर फरक, आणि सचिव कागद घेऊन सल्लागाराकडे पोचतात ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्यात विक्री १ कोटीच्या वर असेल (रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर १० कोटींच्या) तर टॅक्स ऑडिटचा (आयकर कायद्याखालच्या वेगळ्या ऑडिटचा) अहवाल त्याआधी, ३० सप्टेंबरला हवा.

त्याहून फसवा सापळा व्हेरिफिकेशनचा, म्हणजे भरलेले रिटर्न ओटीपीने किंवा डिजिटल सहीने पक्के करण्याचा. रिटर्न अपलोड केल्यापासून ३० दिवसांत व्हेरिफाय झाले नाही, तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच दाखल केल्याची तारीख धरतात. ३१ ऑक्टोबरला अपलोड, ५ डिसेंबरला व्हेरिफाय, म्हणजे रिटर्न ५ डिसेंबरचे. संचालक मंडळ बदलले तरी आयकर पोर्टलवर जुन्याच चेअरमनचा मोबाईल राहतो, ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि निवडणुकीत हरलेला माणूस तो सांगेलच असे नाही! नव्या मंडळाने पहिल्याच महिन्यात पोर्टलवरचा मोबाईल, ई-मेल आणि सही करणाऱ्याचे नाव बदलून घ्यावे. टॅक्स ऑडिट असेल तर डिजिटल सहीची मुदतही तपासावी.

कायद्यात २०२१ साली बदल झाल्यापासून उशिराच्या रिटर्नमधली वजावट आयकर खात्याच्या बंगळूरच्या केंद्रातला संगणकच नाकारतो. त्याआधी ३० दिवसांत खुलासा मागणारे पत्र येते, पण ते पोर्टलवर आणि ई-मेलवर. तो ई-मेल बहुतेकदा तीन वर्षांपूर्वी संगणक शिकवणाऱ्या मुलाचा असतो.

रिटर्न वेळेत भरले तरी सगळेच उत्पन्न वजा होत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर कर लागतोच. जिल्हा बँकेतल्या व्याजावर आयकर खाते वाद घालते, जरी न्यायाधिकरणांचे बरेच निकाल संस्थांच्या बाजूने आहेत. लोकल दूध विक्री आणि पशुखाद्य यांचा नफाही संघाला घातलेल्या दुधाच्या नफ्यात ढकलता येत नाही. म्हणून किर्दीत ही खाती पहिल्यापासून वेगळी ठेवावीत.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०२३ मध्ये परिपत्रक काढून २०१८-१९ ते २०२२-२३ या कर निर्धारण वर्षांचा विलंब माफ करण्याचा मार्ग दिला. राज्य कायद्यानुसार नेमलेल्या ऑडिटरकडून ऑडिटच उशिरा झाले, हे कारण त्यात ग्राह्य धरले होते. म्हणजे दुखणे कुठले ते दिल्लीलाही ठाऊक आहे. मग दुग्ध विभागाच्या सहायक निबंधकांनी ऑडिट ३१ जुलैपूर्वी पूर्ण न करणाऱ्या ऑडिटरला पुढच्या वर्षी नेमणूक देऊ नये, आणि वार्षिक सभेच्या अहवालात रिटर्न दाखल केल्याची व व्हेरिफाय केल्याची अशा दोन तारखा छापणे संस्थांना बंधनकारक करावे.

– सहकारी संस्थांचे एक करसल्लागार, कोल्हापूर