वनमंत्र्यांना खुले पत्र: ट्रेकही व्हावेत, शिबिरंही व्हावीत

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मुंबईच्या जंगलात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात होणाऱ्या मुलांच्या निसर्गशिबिरांत मी स्वयंसेविका म्हणून काम करते. या शिबिरांच्या पायवाटांवरच सुट्टीच्या दिवशी ट्रेकरही येतात, आणि त्यातून जे घडतं ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

पावसाळा सरतानाच्या एका शिबिरात मुलं कारवीच्या दोन झुडपांमध्ये विणलेल्या जायंट वूड स्पायडर या मोठ्या कोळ्याच्या जाळ्यासमोर बसली होती. तिरप्या उन्हात त्या जाळ्याचा धागा सोनेरी दिसतो. मधोमध भलीमोठी मादी, आणि नर इतका चिमुकला की पोरांना तो आधी दिसेचना. एकीने वहीत दोघांचं चित्र काढायला घेतलं, तोच मागून स्पीकर वाजवत मोठा गट आला. वाट अरुंद, त्यांना पुढे जायची घाई. जाळं फाटलं. वर कुणी न विचारता मुलांचे फोटोही काढले. संध्याकाळी पालकांचे फोन: ताई, पोरं सुरक्षित आहेत ना?

अशा तक्रारी साचल्या की एक तर वाट बंद होते, नाहीतर शिबिर. मला दोन्ही नको आहेत. आठवडाभर लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाला रविवारी उद्यानातल्या शिलोंड्याच्या ओढ्याकाठी चालावंसं वाटणं रास्तच आहे. हे उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, भोवती अख्खं महानगर. सोमवारी उद्यान बंद, बाकी दिवस लोक कामावर, त्यामुळे सगळी गर्दी शनिवार-रविवारी, आणि शाळकरी मुलांनाही तेच दोन दिवस मोकळे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात प्रवेश परवानगीनेच मिळतो. म्हणजे नवा कायदा नको. परवानगीच्या अटीच नीट लिहायला हव्यात. शिबिराच्या तारखा महिनाभर आधी फाटकावर आणि संकेतस्थळावर लागाव्यात. त्या दिवसांत शिबिरालगतचा तुकडा सकाळचे दोन-तीन तास फक्त मुलांसाठी असावा, बाकी वाट ट्रेकरांना खुली राहावी. स्पीकरला सक्त मनाई हवी. बिबट्यांच्या जंगलात ती मुलं नसतानाही हवीच. आणि शिबिरातल्या मुलांचा फोटो शिबिर घेणाऱ्या ताई-दादांना विचारल्याशिवाय कुणी काढू नये, हे तिकिटावरच छापावं.

हे सांभाळणार कोण? जंगलातल्या पाड्यांवरची वारली तरुण मंडळी. कुठल्या वळणावर माणसं थांबवावीत, कुठून वळवावीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मात्र हे काम सेवा म्हणून त्यांच्या गळ्यात घालू नका. रोजचं, वेळेवर हातात पडणारं मानधन द्या.

यंदाचा पावसाळा संपून शिबिरं सुरू होण्याआधी या अटी लागू कराव्यात, आणि त्या ठरवताना शिबिरवाले, ट्रेकर व पाड्यांवरचे रहिवासी यांना एकत्र बोलवावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक शिबिर स्वयंसेविका, बोरिवली