वर्तुळ मोठे, पण अर्क किती घातला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘अमुक पानाचा अर्क जिवाणू मारतो, सूजही उतरवतो’ अशा बातम्या वरचेवर छापून येतात. बहुतेकींच्या मुळाशी पेट्री डिशमधले, म्हणजे जिवाणू वाढवायच्या उथळ बशीतले, एक वर्तुळ असते. त्या वर्तुळाला आपण फार भाव देतो, असे आम्हाला वाटते.

म्युलर-हिंटन आगर या जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या ४ मिमी जाड थरावर जिवाणूंचे द्रावण (मिलिलिटरला साधारण १५ कोटी) कापसाच्या बोळ्याने सारवतात. ६ मिमीचे भोक पाडून त्यात अर्क सोडतात. ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवले की भोकाभोवती जिवाणू न वाढलेली जागा दिसते, तिचा व्यास मोजतात. पण हा व्यास अर्क आगरमध्ये किती पसरला यावरही ठरतो. तेलकट घटक त्यात फारसे सरकतच नाहीत, म्हणून चांगला अर्कही नापास होतो. थर पातळ पडला की वर्तुळ उगाच फुगते. आणि अर्क काढायला द्रावक म्हणून वापरलेले मिथेनॉल त्यात उरले असेल तर जिवाणू मेले ते पानाने की मिथेनॉलने? नुसत्या द्रावकाचे भोक शेजारी हवेच.

आता मात्रा बघा. मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम अर्काचे ५० मायक्रोलिटर म्हणजे ५ मिलिग्रॅम. तुलनेसाठी शेजारी ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चकतीत औषध असते ५ मायक्रोग्रॅम, हजारपट कमी! दोन्ही वर्तुळे सारखी दिसली म्हणून ‘अँटिबायोटिकच्या तोडीचा’ म्हणणे चूक आहे. अर्क हे अनेक घटकांचे मिश्रण असते हे मान्य, तरीही मात्रा न सांगता केलेली तुलना वाचकाची फसवणूकच ठरते.

खरा आकडा म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क दर खळग्याला निम्मा करत नेतात आणि मिलिलिटरला ५ लाख जिवाणू घालतात. हिरव्यागार अर्कात गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, म्हणून रेझाझुरिन हे निळे रंगद्रव्य टाकतात. जिवाणू जिवंत असतील तिथे निळा रंग गुलाबी होतो. मात्र काही अर्क स्वतःच हा रंग बदलतात, तेव्हा जिवाणूंविना फक्त अर्काचा खळगाही ठेवावा लागतो. वाढ थांबायला मिलिलिटरला १००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अर्क लागत असेल, तर आमच्या मते ती बातमी नव्हे.

सूज उतरवण्याच्या दाव्यात तर अधिक घोळ. अंड्यातला बलक सोडून पांढरा भाग घेतात, तो अर्कासह तापवतात आणि प्रथिन कमी साकळले की ‘दाहशामक’ म्हणून मोकळे होतात. शरीरातला दाह पेशी आणि त्यांनी सोडलेले संदेशरेणू घडवतात. त्यातले इथे काहीच नसते. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना एलपीएस हा जिवाणूंच्या आवरणातला दाह भडकवणारा घटक देऊन त्या नायट्रिक ऑक्साइड हा दाहातला संदेशरेणू किती सोडतात हे पाहणे त्यापेक्षा बरे. तिथेही अर्काने पेशीच मेल्या तर नायट्रिक ऑक्साइड घटणारच, म्हणून त्याच मात्रेला पेशी जगल्या का, हे एमटीटी चाचणीने तपासलेले असावे.

अशी बातमी छापताना किमान मात्रा, तुलनेसाठी घेतलेले औषध व त्याचे प्रमाण, नुसत्या द्रावकाचा निकाल आणि पेशी जगल्या की नाही, एवढे संशोधकांना विचारून त्याच बातमीत द्यावे, ही विनंती.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अभ्यासक