ऑस्टरबेकहून आल्यावर

उत्रेख्त,
सप्टेंबर, मंगळवार रात्र

प्रिय बंड्या,

'रविवारी कुठे होतास?' या तुझ्या मेसेजला नुसता अंगठा दाखवून मोकळं व्हावंसं वाटलं नाही, म्हणून हे पत्र. रविवारी ऑस्टरबेकला जाऊन आलो. इथल्या, नेदरलंड्समधल्या आर्नेम शहराच्या अगदी लगतचं गाव. तिथल्या युद्धस्मशानात साडेसतराशेच्या आसपास थडगी आहेत, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची, बहुतेक १९४४ च्या सप्टेंबरातली.

मला एकच थडगं बघायचं होतं. जॉन ग्रेबर्न, छत्रीसैनिक, वय २६. का, तर हा गडी १९१८ साली कराचीजवळच्या मनोरा बेटावर जन्मला. म्हणजे तेव्हाच्या आपल्या मुंबई इलाख्यात! हसू नकोस. परदेशात माणूस असले धागे शोधतोच.

१७ सप्टेंबरला इंग्रजांनी ही माणसं विमानातून उतरवली ती आर्नेमच्या पुलापासून दहा-बारा किलोमीटर लांब. जर्मनांकडून पूल घ्यायचाय आणि उतरायचं तालुक्याच्या वेशीवर! कुणाचं डोकं म्हणायचं हे? पुलापाशी पोचले सात-साडेसातशे. रात्री ग्रेबर्नची तुकडी पुलावरून पलीकडे धावली. दोन्ही बाजूंना आडोसा नाही, समोरून तोफगोळे. त्याला लगेच खांद्यात गोळी लागली. परत फिरा म्हणून हुकूम आला, तेव्हा सगळ्यात शेवटी मागे आला तो हाच. मग एक घर धरून बसला, ते जळेपर्यंत. पुढे पाठीत जखम झाली, तरी उपचाराला जाईना. शेवटी रणगाडा अंगावर आला तेव्हा त्याच्यासमोर उघडा उभा राहून आपल्या माणसांना मागे जायच्या खुणा करत राहिला. २० तारखेच्या रात्री गेला. देह सापडला १९४८ मध्ये. व्हिक्टोरिया क्रॉस त्याआधीच मिळाला होता. घरी बायको आणि लहान मुलगा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिथे दर वर्षी शाळेतली मुलं येतात. एकेका दगडामागे एकेक मूल उभं राहतं आणि इशारा झाला की सगळी एकदम वाकून फुलं ठेवतात. माझ्या पुढ्यातला पोरगा आठेक वर्षांचा. वाट बघून कंटाळला होता, एका पायाने दुसऱ्या पायाचा मोजा खाली सारत होता. इशारा झाला तसा गुडघ्यावर बसला, डेलियाची जुडी ठेवली, ती कलंडली म्हणून पुन्हा सरळ केली. मग दगडाच्या डोक्यावर हात टेकवून उठला, आपण घरात टेबलाला धरून उठतो तसा.

बरं, ही मोहीम फसलेली! जर्मनांनी नंतर आर्नेम अख्खं रिकामं करवलं, जवळजवळ लाखभर माणसं हुसकली. त्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये वीसेक हजार लोक भुकेने मेले. त्यांच्याच पणतवंडांनी फुलं आणली होती. अपयशाचा हिशेब मागायला कुणी आलं नव्हतं. मी तरी मागितला असता.

परतीच्या गाडीत साताऱ्याकडचं तुझं गाव, अपशिंगे, आठवत होतं. पहिल्या महायुद्धात गावातले ४६ गेले, तो शिलालेख तू मला कॉलेजात असताना दाखवला होतास. आपण त्याच्यापाशीच स्कूटर लावून उसाचा रस प्यायलो होतो. वरचा मजकूर नीट वाचायचं काही सुचलं नाही रे. तिथे आता कोण झाडलोट करतं? तुझ्या पणजोबांचे भाऊ मेसोपोटेमियाला गेले होते म्हणालास, त्यांचं नाव काय होतं? दिवाळीला गावी जाशील तेव्हा काकांना विचारून कळव.

काकूंना नमस्कार. लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही.

तुझा,
पक्या