आईचं वाक्य केसपेपरवर लिहिणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

पंधरा दिवस झाले, आई रात्रभर झोपते आहे. मला मात्र अजून मध्येच जाग येते. तिच्या कण्हण्याचा कानोसा घेते, आणि घोरणं ऐकू आलं की डोळे भरतात.

खडे झाले म्हणून दोन वर्षांपूर्वी तिचं पित्ताशय काढलं. यंदा आगरात पाय घसरून पडली, कंबर धरली आणि कोडीन असलेल्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी पोटात गेली की उजव्या बरगडीखाली अशी कळ उठायची, की ती उंबरठा धरून बसायची. तीन ठिकाणी नेलं. कुणी गॅस म्हणालं, कुणी "मनाला लावून घेतात आजी" म्हणालं. एकाने तर मान वर न करता त्याच गोळ्या वाढवून दिल्या. आई तिन्ही ठिकाणी खरं तेच सांगत होती. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही स्टूल ओढून तिच्याजवळ बसलात. "आजी, गोळी आधी की कळ आधी?"

"गोळी घेतलंय की अर्ध्या तासान कळ येता, डॉक्टरांनू."

तुम्ही घाटावरचे. तरी ते वाक्य तिच्याच मालवणीत केसपेपरवर लिहिलंत आणि तिला वाचून दाखवलंत, "असंच म्हणालात ना?" आई रडली ती तेव्हा, दुखण्याने नाही.

घरी बाबांना मी खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाचं उदाहरण देऊन समजावलं. उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, बंद राहिली की आत पाणी चढतं; तसंच कोडीन, मॉर्फिन अशा अफूच्या जातीच्या औषधांनी पित्तनळीच्या तोंडाचा स्नायू आवळतो आणि मागे पित्ताचा दाब वाढतो. पित्ताशय असतं तर त्याने थोडं पोटात घेतलं असतं. सगळ्यांना असा त्रास होत नाही, पण पित्ताशय काढलेल्या काहींना होतो. त्या स्नायूला ओडी या इटालियन माणसाचं नाव आहे. त्याने १८८७ साली त्यावर लिहिलं तेव्हा तो विद्यार्थीच होता. इतकी जुनी ओळख असलेला स्नायू, आणि माझी आई महिनाभर खोटी ठरली!

तुम्ही गोळी बदललीत, कळ थांबली. पण आई शेजारणींना सांगते ते वेगळंच: "माझा बोलणा कागदार लिवल्यान."

तिने कोकमाच्या आगळाची बाटली भरून ठेवली आहे. सोमवारी तपासणीला येताना आणते. नको म्हणू नका.

तुमच्या पेशंटची मुलगी